हातमिल, आठ महिन्यांनंतर : पत्रा विळ्यासारखा का वळतो

पाडव्याला घेतलेली ११० मिमी रोलची हातमिल, म्हणजे धातू दोन रोलमधून दाबून पातळ करणारं हाताने फिरवायचं यंत्र, पत्रा आणि तार दोन्हीची. रोल गुळगुळीत, दांडा हलका फिरतो, त्यात तक्रार नाही. तक्रार एकच आणि ती मोठी : दोन रोलमधली फट दोन्ही टोकांना सारखी नव्हती.

नुसत्या अंगठ्या करणाऱ्याला हे कदाचित जाणवणारही नाही. इथे काम आहे सिन्नरच्या गोंदेश्वरावरून घेतलेल्या चांदीच्या पेंडंटचं. भूमिज शिखर, म्हणजे चारी बाजूंना मधोमध उभी लता (खालून वर जाणारी सलग पट्टी) आणि लतांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. हे कोरून नीट येत नाही, थरांनी उठवावं लागतं. ०.५ मिमीचे पाच पत्रे करवतीने कापायचे, प्रत्येक खालच्यापेक्षा लहान, आणि एकावर एक झाळायचे. देवळाच्या भिंतीत कोनामागून कोन आत जातो आणि तिथे सावली बसते. पेंडंटमध्ये ती सावली त्या अर्ध्या मिलीमीटरच्या पायरीत बसते. पण थर चिकटून बसले तरच. डाख (झाळताना वितळून सांधा जोडणारा धातू) केसाएवढ्या फटीत आपोआप ओढला जातो. फट ०.१ मिमीच्या पुढे गेली की तो कडेलाच गोळा होतो, आत पोकळी राहते, तिच्यात सफाईचं आम्ल साचतं आणि काही दिवसांनी सांध्यातून हिरवट डाग बाहेर येतो.

आणि या मिलमधून ६० मिमी रुंद पत्रा डावीकडे ०.५० तर उजवीकडे ०.५८ निघत होता. जी बाजू जास्त दाबली जाते ती जास्त लांबते, म्हणून पत्रा जाड बाजूकडे वळतो.

विक्रेत्याचं म्हणणं, चांदीला ताव (तापवून मऊ करणं) कमी पडतोय. हे साफ चूक. ताव कमी पडला तर कडांना चिरा जातात, पत्रा दर वेळी एकाच बाजूला वळत नाही. ताव नेमाने दिलेला होता : ४ मिमीची लगड २ वर, मग १ वर, मग ०.५ वर, दर निम्म्याला एक ताव, अंधुक उजेडात मंद लाली दिसेपर्यंतच. (भर उजेडात लाली दिसेपर्यंत थांबलं तर ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी जास्त तापते आणि तिच्यातलं तांबं आत काळवंडतं. तो डाग कानशीशिवाय जात नाही.) मिस्त्री पाठवतो म्हणाले, आजतागायत आला नाही.

शेवटी घरीच. वरचं मधलं गिअरचाक उचललं की दोन टोकांची फट कमीजास्त करणारे दोन्ही स्क्रू सुटे फिरतात. गॅरेजवाल्याकडे मिळतं ते फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) दोन्ही टोकांना घालून फट सारखी करायची आणि चाक परत बसवायचं. आधी वाटलं, प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता. रिकाम्या मिलमध्ये फट सारखी दिसते, पण दाब आला की एका बाजूच्या स्क्रूमधली ढिलाई वर सरकते आणि फरक पुन्हा येतो. त्यामुळे खरी तपासणी दाबाखालीच करावी लागते. एकाच तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घ्या, रोलच्या दोन टोकांना एकदम घाला, बाहेर आले की मायक्रोमीटरने मोजा. जो तुकडा जाड त्या बाजूचा स्क्रू अगदी किंचित आवळा, नवे तुकडे घाला, परत मोजा. चार-पाच वेळा करावं लागतं. आता फरक ०.०१ वर आलाय आणि थर बोटाने दाबले तरी डुगडुगत नाहीत. म्हणून ही मिल 'घेऊ नका' असं आधी विचारणाऱ्यांना सांगत होतो, ते मागे घेतो.

पावसाळ्यात एक काळजी : आम्लातून काढलेला पत्रा सोड्याच्या पाण्यात बुडवून, पूर्ण कोरडा करूनच मिलमध्ये घाला. ओला गेला तर रोलला गंजाचे खड्डे पडतात आणि ते प्रत्येक पत्र्यावर उमटतात. काम संपलं की शिलाई मशीनच्या तेलाचा हात.

नवी घेणार असाल तर दुकानात जाताना तारेचे दोन तुकडे आणि मायक्रोमीटर खिशात ठेवा, आणि पैसे देण्याआधी मोजा.