लहान मुलांसाठी प्रेशर प्लेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात नौपाड्यातल्या फिजिओथेरपी केंद्रात दोन ते सात वर्षांच्या निरोगी मुलांची चाल प्रेशर प्लेटवर, म्हणजे पायाखालचा दाब मोजून त्याचा ठसा पडद्यावर दाखवणाऱ्या सपाट पाटीवर, तपासली जाते. यंत्र चांगलं आहे, पण सेटिंग येतं ते मोठ्यांच्या पायाचं, आणि घोळ तिथेच होतो.

आधी किमान दाबाची मर्यादा बघा. ती 10 किलोपास्कलवर ठेवलेली येते आणि त्याखालचं सगळं सॉफ्टवेअर शून्य धरतं. 14 किलोच्या मुलाचे दोन्ही तळवे मिळून 120 चौरस सेंटिमीटर टेकले, तर उभं असताना सरासरी दाबच जेमतेम 11 किलोपास्कल भरतो. मग करंगळी आणि तळव्याचा मधला भाग ठशातून गायब होतो आणि नसलेली कमान दिसायला लागते. मर्यादा खाली आणा, फक्त प्लेट रिकामी असतानाही पडद्यावर खोटे ठिपके लुकलुकायला लागले की थांबा.

ठसा पूर्ण उमटला की दुसरी गंमत. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते, मधला भाग टेकणारच. सॉफ्टवेअर मात्र 'सपाट पाय' म्हणून मोकळं होतं, आणि रिपोर्ट तसाच हातात पडला की पालक इनसोल शोधायला निघतात. ती ओळ प्रिंट काढण्याआधी खोडलेली बरी.

प्लेट सुमारे दोन सेंटिमीटर जाड आहे. नुसती जमिनीवर ठेवली तर मुलं उंबरठा ओलांडल्यासारखा पाय उचलतात. पुढेमागे तेवढ्याच उंचीचा प्लायवूडचा रस्ता करून घ्या. फोमच्या मॅट स्वस्त पडतात, पण पायाखाली दबतात आणि कडेला पुन्हा पायरी तयार होते. वरून एकच पातळ कापड टाका, म्हणजे मूल प्लेटवर नेम धरून पाय टाकत नाही. कापड मात्र दर वेळी तेच हवं.

दुसरं पाऊल प्लेटवर पडेल अशा बेताने सुरुवातीची खडूची रेघ मारा. तीन वर्षांच्या मुलाचं पाऊल साधारण 33 सेंटिमीटरचं, सातव्या वर्षी 48 च्या आसपास, तेव्हा रेघ मुलागणिक सरकते. "इथे पाय ठेव" असं चुकूनही म्हणू नका. आईला समोरच्या टोकाला उभं करा. प्रत्येक पायाची पाच चांगली पावलं मिळेपर्यंत चालवा, धावलेली आणि अडखळलेली बाद.

वजन काट्यावरच घ्या. प्लेट त्या आकड्यावर दाब बेतते; अंदाजाने दोन किलो जास्त सांगितले की 14 किलोच्या मुलाचा प्रत्येक आकडा 14 टक्क्यांनी फुगतो.