आरडी ३५० ची डावी बाजू शेवटी बोलायला लागली

माझी १९८५ ची राजदूत आरडी ३५०, दोन सिलिंडरची टू स्ट्रोक बाइक, दोन महिने आयडलिंगला (रेस न देता चालू ठेवली की) नुसती थडथडत होती, रेस केली की मस्त, सोडली की बंद. आधीच्या मेस्त्रीने सरळ बोअर करायला (सिलिंडर आतून घासून मोठा करायला) सांगितलेलं. मग पुण्यातल्या नाना पेठेजवळच्या या छोट्या गॅरेजात नेली, काकांनी काहीही न खोलता इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या दोन्ही बेंड पाईपवर पाण्याचे थेंब टाकले, उजवीकडे चर्र झालं आणि डावीकडे थेंब तसाच ओघळला, म्हणजे डावा सिलिंडर फायरच करत नव्हता! प्लग अदलाबदल करून बघितले, तरी डावाच थंड, प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.३५ मिमी म्हणजे ओके. मग डावा कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरावर थोडा क्लीनर मारला तर आवाज लगेच बदलला, रबर खालच्या बाजूने चिरलेलं, तिथून हवा खेचत होतं. दोन्ही रबरं नवीन, पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ, दोन्ही कार्बोरेटरच्या केबल सारख्या केल्या. तासभर थांबावं लागतं, उभं राहायलाही जागा नाही, पण प्रत्येक गोष्ट दाखवून समजावतात आणि जुना पार्ट हातात देतात. जुनी टू स्ट्रोक असेल तर डोळे झाकून इथेच न्या, आता सिग्नलला गाडी एकसुरात उभी राहते, फार बरं वाटतं.