साके थंड घ्यावी की कोमट? ठाणे-नवी मुंबईच्या घरासाठी बाटल्यांची पारख

साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेलं जपानी मद्य. त्यातल्या दासाई ४५ च्या बाटलीवरचा आकडा बघून काउंटरवर हमखास गल्लत होते. व्हिस्कीच्या ४२.८ ची सवय असलेल्याला वाटतं, ही त्याहून कडक. प्रत्यक्षात हिच्यात अल्कोहोल १६ टक्के. ४५ हा तांदळाचा हिशोब आहे: दाणा घासून ५५ टक्के भाग पीठ करून बाजूला काढला, उरलेल्या ४५ टक्क्यांची साके केली. हातसडीचा तांदूळ आणि पॉलिशचा तांदूळ हा फरक आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, जपान्यांनी तो पार टोकाला नेला. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त, त्यातून चवीला खरखर येते. पोटातला पांढरा गाभा बहुतांशी स्टार्चच.

साठ टक्के किंवा कमी दाणा उरला तर गिंजो, पन्नास किंवा कमी तर दाइगिंजो. नावाआधी ‘जुनमाई’ असेल तर तांदूळ, कोजी बुरशी, यीस्ट आणि पाणी एवढाच मामला. नसेल तर थोडं अल्कोहोल वरून घातलेलं असतं. ती भेसळ नव्हे, त्याने वास खुलतो आणि शेवट कोरडा होतो. होन्जोझो याच पंथातली, तिचा दाणा सत्तर टक्क्यांपर्यंत.

आता दासाई ४५. यामागुची प्रांतातली, यामादा निशिकी तांदळाची. छोट्या वाइन ग्लासात दहा अंशांना ओतली की आधी खरबूज आणि पेअर, मग हिरवं सफरचंद. हा वास तांदळाचा नाही आणि एसेन्सचा तर नाहीच. आंबवण दहा अंशांच्या आसपास ठेवून महिनाभर रेंगाळत चालवली की यीस्टच हे घटक तयार करतं: सफरचंदाचा वास एथिल कॅप्रोएटचा, केळ्याचा आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. घोट गोडसर सुरू होतो आणि पटकन संपतो. पहिल्यांदा साके घेणाऱ्याला हीच द्यावी. दासाई २३ त्याहून रेशमी, वास जास्त नाजूक, पण किंमत जेवढी चढते तेवढी चव चढत नाही. भेट द्यायला ठीक. घरी प्यायला ४५ पुरते.

मात्र दोन्ही जेवणाआधी प्या. लसूण, आगरी मसाला आणि तळलेला बोंबील समोर आला की हा सगळा फळांचा वास गायब होतो आणि जिभेवर नुसतं गोड पाणी उरतं. इतक्या पैशांचं असं वाया घालवणं म्हणजे हापूसचा रस मिसळीवर ओतणं.

जेवणासोबत हवी असेल तर जपानच्या निगाता प्रांताकडे वळा. हक्काइसानची तोकुबेत्सु (म्हणजे ‘खास’) जुनमाई त्या भागाच्या हलक्या, कोरड्या धाटणीची: वास मोजकाच, मागे तांदळाच्या पेजेसारखी मऊ चव. रवा लावून तळलेल्या सुरमईला किंवा पापलेटला ही बेस. लाल वाइनसोबत मासा कधीकधी जास्त उग्र, हिंवस लागतो, त्यात वाइनमधल्या लोहाचा हात असतो. साकेत लोह जवळपास नसतंच, कारण लोहाने तिचा रंग आणि चव दोन्ही बिघडतात. म्हणून साकेचे कारखाने मुळात लोह नसलेलं पाणी शोधून वसलेत.

आमच्या मते ठाण्याच्या ताटाशी खरी जुळते ती किमोतो आणि यामाहाई या जुन्या पद्धतींची साके. यांत लॅक्टिक आम्ल बाटलीतून ओतत नाहीत, जिवाणूंकडून विरजणासारखं तयार होऊ देतात. त्यामुळे नुसतं विरजण लागायलाच महिनाभर जातो, आम्ल वरून घातलं की साधारण निम्म्या वेळात भागतं. यामाहाई ही त्यातली १९०९ ची सुटसुटीत पद्धत, लगदा वल्ह्यांनी घोटण्याची पायरी गाळलेली. चवीला आंबूस, ताकाची आठवण करून देणारी, मागे अळंबीसारखा खमंगपणा. कोबे शहराच्या नादा भागातली किकुमासामुने किमोतोसाठीच ओळखली जाते. सीकेपी घरातली सोड्याची खिचडी, जवळ्याची चटणी किंवा सुकटीचं कालवण यांच्यासमोर दाइगिंजो गप्प बसते, ही बसत नाही. सोड्यातला उमामी, म्हणजे तोंडात रेंगाळणारी खमंग चव, आणि साकेतली अमिनो आम्लं एकमेकांना उचलून धरतात. फोडणीत मिरची थोडी कमी ठेवा, एवढंच.

आणि ही कोमट करा. घरी करायला सोपं आहे: १८० मिली साके जाड काचेच्या किंवा चिनी मातीच्या सुरईत गळ्याच्या खालपर्यंत भरा. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, सुरई पाण्यात ठेवा. दोन-तीन मिनिटांत चाळीस ते पंचेचाळीस अंशांना येते. स्टीलचा छोटा गडूही चालतो, जपानातही धातूचं भांडं वापरतात. फक्त तो लवकर तापतो, तेव्हा दीड मिनिटातच बघा. बुडाला बोट लावून ‘गरम आहे’ वाटलं पण चटका बसला नाही, की काढा. मायक्रोवेव्हमध्ये वरचा भाग उकळता आणि खालचा गार राहतो. गॅसवर थेट ठेवली तर अल्कोहोलची वाफ नाकात जाते आणि उरतो कडवटपणा. मॉलमधल्या जपानी रेस्टॉरंटमध्ये ‘हॉट की कोल्ड’ एवढंच विचारत असतील तर बाटली दाखवायला सांगा. भाजणारी साके म्हणजे बहुतेक वेळा बाटलीची चव लपवायची सोय.

निगोरी, म्हणजे गाळ ठेवलेली दुधाळ साके, हलकेच उलटसुलट करून ओता. गोड आवडणाऱ्यांनी एकदा घ्यावी. नामा, म्हणजे पाश्चरीकरण न केलेली, इथे घेऊच नका. साधी साके साठ-पासष्ट अंशांना सहसा दोनदा तापवलेली असते, नामा नाही. ती कारखान्यापासून तुमच्या फ्रीजपर्यंत सलग पाच अंशांच्या आत राहायला हवी, आणि उरणच्या बंदरातून घोडबंदर रोडपर्यंत तसं झालं असेल यावर पैज लावू नये.

बाकी बाटल्यांचंही दुकानातच वाटोळं होतं. मे महिन्यात पश्चिमेकडच्या काचेला लावून ठेवलेली, ट्यूबलाइटखाली उभी असलेली पारदर्शक बाटली कितीही नावाजलेली असो, सोडा. प्रकाशाने साकेला जळक्या केसांसारखा वास येतो. उष्णतेने रंग पिवळट होतो आणि लोणच्यातल्या जुनाट मुळ्यासारखा दर्प बसतो. यामाहाईला थोडा पिवळेपणा चालतो, दाइगिंजोला नाही. खोक्यातली किंवा गडद काचेची, मागच्या रांगेतली बाटली मागा. लेबलवर महिना असेल तर वाचा, पण वर्ष कधीकधी जपानी राजवर्षात असतं: रेइवा ६ म्हणजे २०२४. रेइवाच्या आकड्यात १८ मिळवले की आपल्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे निघतात. दाइगिंजोला वर्ष उलटून गेलं असेल तर दुकानात ती फ्रीजमध्ये होती का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

दोघांसाठी ७२० मिलीपेक्षा ३०० मिलीची बाटली शहाणपणाची. घरी आणल्यावर उभी ठेवा, आडवी नको. आडव्या बाटलीत हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. जागा फ्रीजच्या आतल्या बाजूला, दारात नाही, कारण तिथे दिवसातून पन्नासदा गरम हवा लागते. उघडल्यावर दाइगिंजो तीन-चार दिवसांत संपवा, किमोतो दोन आठवडे टिकते. पिताना शेजारी तेवढंच पाणी ठेवा. चव मऊ असली तरी अल्कोहोल बिअरच्या तिप्पट आहे.

फ्रीजमध्ये वास उडालेली तळची साके उरलीच तर ओतून देऊ नका. अर्धा किलो तिसऱ्या तासभर मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्या, स्वच्छ धुवा. कढईत शंभर मिली साके, आल्याचे चार काप, तिसऱ्या, वर घट्ट झाकण. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात. जे उघडले नाहीत ते फेकून द्या. मीठ घालू नका, तिसऱ्यांचं पाणी पुरेसं खारट असतं.