आडनावाचा "अस्सल इतिहास" विकणाऱ्यांपासून सावध रहा

घरात सध्या "आपलं मूळ शोधूया" हे खूळ शिरलं असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. आमचं आडनाव कुलकर्णी. कुलकर्णी म्हणजे गावचं दफ्तर लिहिणारा वतनदार, गावोगावी असायचा, त्यामुळे गोत्रं वेगळी, कुलदैवतं वेगळी, कित्येकांचं तर जुनं आडनाव भलतंच काहीतरी. म्हणजे "समस्त कुलकर्णी घराण्याचा मूळ पुरुष" असं काही असूच शकत नाही. पण नेमकं तेच विकलं जातं, आणि पाटील, देशमुख, देशपांडे, जोशी यांनाही तेच पॅकेज.

आडनावबंधूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक गृहस्थ आला. स्वतःला वंशावळ संशोधक म्हणवायचा, बोलणं एकदम गोड, काकांना "दादासाहेब" म्हणून हाक मारायला लागला तेव्हाच काका गार. म्हणे पेशवे दफ्तरात (पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवाईतले कागद) माझी आतली ओळख आहे, ११ पिढ्यांची गॅरंटी. आधी एक फॉर्म भरून घेतला: गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, पणजोबांचं नाव, घरात ऐकलेल्या गोष्टी. मग ५ हजार अॅडव्हान्स, मग मोडी (जुन्या मराठी कागदांची लिपी) लिप्यंतराचे वेगळे, मग "नक्कल काढायला साहेबांना द्यावे लागतात" म्हणून अजून. सगळं मिळून २१ हजार गेले, आणि शेवटचे तर काकांनी आम्हाला न विचारताच पाठवले.

आलं काय तर फ्रेम केलेला वंशवृक्ष, वर मुद्रा छापलेली, आणि सोबत "वतनपत्र" म्हणून एका जुन्या मोडी कागदाचा फोटो. खालच्या चार पिढ्या आम्हीच फॉर्ममध्ये लिहून दिलेल्या! गोत्र आणि कुलदैवत पण "संशोधनात आढळले" म्हणून आम्हालाच परत. वरच्या सगळ्या पिढ्या त्याच्या पदरच्या, त्यात एक पूर्वज अर्थातच पानिपतात पडलेला. (या लोकांच्या याद्या खऱ्या मानल्या तर पानिपतावर लढायला उभं रहायला जागा उरली नसती.)

बिंग फुटलं ते तारखेवरून. वंशवृक्षात वतन मिळाल्याची नोंद होती, "शके १६६४ प्रभव नाम संवत्सरे", म्हणजे इ.स. १७४२. माझ्या आत्याला पंचांगाचा नाद, तिने तिथल्या तिथे हिशोब केला. संवत्सरं एकूण साठ, ठरलेल्या क्रमाने फिरून येतात, म्हणून शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा नंबर. १६७६ भागिले ६०, बाकी ५६, म्हणजे दुंदुभी. प्रभव तर पहिला, तो येतो शके १६६९ ला. एखाद्या जुन्या कारकुनाची चूक होऊ शकते हो, पण त्याच्या वंशवृक्षातली शक-संवत्सराची एकही जोडी जुळेना.

मग तो मोडी कागद एका ओळखीच्या मोडी वाचणाऱ्या सरांना दाखवला. कागद जुना वाटतो म्हणाले, पण त्यात वतनबितन काही नाही, घोड्यांच्या दाण्या-चाऱ्याचा हिशोब आहे! वर सन लिहिलेला "इसन्ने सितैन मया व अलफ". हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरायचे ती कालगणना, अरबी आकडे सुट्या शब्दांत: दोन, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६२, त्यात ५९९ मिळवले की १७६१-६२. म्हणजे त्याने पाठवलेल्या "१७४२ च्या वतनपत्रा"वरच वीस वर्षं नंतरचा सन. आम्हाला मोडी येत नाही हे त्याने फॉर्ममध्येच विचारून घेतलं होतं.

फोन करून मी एकच विचारलं, रुमाल नंबर द्या. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात आणि त्या रुमालांना नंबर असतात, खरोखर बसून शोधणारा माणूस तो आधी टिपून ठेवतो. हा म्हणाला "ते गोपनीय असतं". गोपनीय कसलं, पुण्याचं पुराभिलेखागार सरकारी आहे, रीतसर अर्ज करून आपण स्वतः जाऊ शकतो. त्र्यंबकेश्वरच्या वहीत (तिथले उपाध्याय येणाऱ्या यजमानांच्या पिढ्यांची नावं लिहून ठेवतात ती) नोंद सापडली असंही म्हणाला होता, पण कुठल्या उपाध्यायांकडे हे सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

नंतर आम्ही स्वतःच शोधलं. मूळ गाव सांगितल्यावर त्र्यंबकेश्वरी आमच्या उपाध्यांनी वही काढली आणि त्यात आजोबांची सही निघाली, शेजारी त्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव. तहसीलमधून जुने फेरफार काढले, त्यात अजून एक पिढी. बास, त्यापुढे धागा तुटला. सरदार नाही, पानिपत नाही, एक पूर्वज सारा थकल्यामुळे अडचणीत आलेला दिसतो. काका अजून रुसलेत.

आता २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम वाढलं तसे मोडी वाचणाऱ्यांकडे लोक धाव घेतायत, त्यात चांगले जाणकार भरपूर आहेत, पण असले पण घुसलेत. जातीच्या दाखल्यासाठी असला बनावट कागद जोडला तर तुम्हीच गोत्यात याल, हे वेगळंच.

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आम्ही उशिरा केला, तक्रार नोंदवून घेतलीय, पैसे अजून आले नाहीत. तो माणूस परवा एका देशपांडे ग्रुपवर दिसला, नाव नवीन, वंशवृक्ष तोच, फक्त खालच्या चार पिढ्या बदललेल्या.