पावसाळ्यात बंद ठेवायची गाडी: कापडी कव्हर, सीलबंद पिशवी, हवेचा फुगा की डीह्युमिडिफायर?

लाडकी गाडी चार महिने गॅरेजमध्ये कशी ठेवावी, हे इंटरनेटवर शोधलं की बहुतेक सल्ले हिवाळ्याचे निघतात. जर्मनीत हंगामी नंबरप्लेटच मिळते. एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, बाकीचे महिने आत. तिथली भीती रस्त्यावर टाकलेल्या मिठाची आणि गोठणाऱ्या पाण्याची. थंड हवेत बाष्प मावतंच कमी, आणि थंडीत गंजही सावकाश चढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गॅरेजमध्ये २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, तीही रात्रंदिवस. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंडाला गंज झपाट्याने धरतो, ७०च्या पुढे सीटवर बुरशी येते. त्यामुळे ते हिवाळी सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. काही तर उलटेच पडतात.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ: कार्ब्युरेटर, पोलादी टाकी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. नव्या गाडीला जिथे वेगळं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी गॅरेजचा हिशोब

गॅरेज १८ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच धरा. आत साधारण ४६ घनमीटर हवा झाली. २८ अंश आणि ८५ टक्क्यांना एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. ते ५० टक्क्यांवर आणायचं तर साडेनऊ ग्रॅम काढावं लागतं, म्हणजे एका वेळच्या हवेतून ४४० ग्रॅमच्या आसपास. पण शटरच्या फटींतून तासाभरात गॅरेजभर हवा बदलते असं धरलं, तर दिवसाला दहा लिटरच्या वर पाणी काढावं लागेल. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ५० टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या पावपट पाणी धरतं. म्हणजे रोज चाळीस किलो सिलिका! कोपऱ्यात दोन डबे ठेवून गॅरेज कोरडं होत नाही ते यामुळे.

आता जमीन. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून फरशीवर चिकटवा आणि चोवीस तासांनी उचला. खालून थेंब दिसले किंवा सिमेंट गडद झालेलं असलं, तर जमीन खालून ओल सोडते आहे. अशा जमिनीवर गाडीखाली जाड पॉलिथिन पसरा, त्यावर रबरी मॅट. गोणपाट किंवा जुना गालिचा अजिबात नको, तो ओल धरून बसतो.

चार पर्याय

सुती कव्हर सगळ्यांत स्वस्त, आणि देशावर बहुतेकांना पुरेसं. पुणे, नाशिक, सोलापूर इथे गॅरेजला खाली-वर झरोके असतील तर मऊ, हवा जाऊ देणारं कव्हर, केबिनमध्ये एक किलो सिलिका आणि वरचेवर नजर एवढ्यावर भागतं. चूक होते ती वॉटरप्रूफ कव्हर घालण्यात. छपराखाली पाऊस येत नाही, पण जमिनीची वाफ त्या कव्हरखाली अडकते, रात्री पत्र्यावर थेंब धरतात आणि रंगाला फोड येतात. आणखी एक: त्याच गॅरेजमध्ये ओली स्कूटर लावायची नाही, छत्री वाळत घालायची नाही.

सीलबंद पिशवी म्हणजे जाड प्लास्टिकची, तिन्ही बाजूंनी चेन असलेली. गाडी आत घ्यायची, सिलिका ठेवायची, चेन बंद. इथे गणित जुळतं. पिशवीत दहा घनमीटरच्या आसपास हवा, म्हणजे काढायचं पाणी शंभर ग्रॅमही नाही. चार किलो सिलिका एक लिटरपर्यंत धरतं, त्यामुळे गाद्या-गालिच्यांतली ओलही त्यात येते. पण अटी कडक आहेत. गाडी आत जाताना खरोखर कोरडी हवी, म्हणजे धुऊन मेच्या उन्हात दोन दिवस, दारं उघडी टाकून, मॅट बाहेर काढून. बॅटरी बाहेर काढावीच लागते, कारण चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन बंद पिशवीत नको. कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर (त्यातली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामं करावं लागतं, नाहीतर पेट्रोलची वाफ साचते. घुशीने एक भोक पाडलं की सगळं मुसळ केरात. आणि दर रविवारी चेन उघडून गाडीकडे बघत बसणाऱ्यांनी पिशवी घेऊच नये. प्रत्येक वेळी आतली कोरडी हवा जाते आणि बाहेरची दमट आत येते.

हवेचा फुगा फोटोत सगळ्यांत देखणा दिसतो. पंखा सतत फिल्टरमधून हवा आत ढकलतो, पारदर्शक तंबू फुगलेला राहतो. धूळ बसत नाही, कुणाची सायकल घासत नाही, वाहत्या हवेमुळे थेंब धरत नाहीत. पण पंखा हवा कोरडी करत नाही. बाहेर ८५ टक्के असेल तर आतही ८५च. त्यातून कोकणात वादळवाऱ्यात वीज दोन दिवस गेली की तंबू गाडीवर बसतो आणि त्यावरची धूळ रंगावर घासली जाते. कोरड्या खोलीत फुगा चांगला. पण खोली कोरडी असेल तर सुती कव्हरही तेवढंच काम करतं.

राहिला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं विजेचं यंत्र. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथे जपण्याजोगी गाडी असेल तर पैसे इथेच घाला. परदेशी सल्ल्यांत डेसिकंट पद्धतीचं (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं) यंत्र सुचवतात, कारण थंड गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरवाल्याच्या कॉइलवर बर्फ धरतो. आपल्या २८ अंशांत कॉम्प्रेसरवालंच योग्य. तेवढ्याच विजेत ते कितीतरी जास्त पाणी काढतं. दिवसाला १२ ते २० लिटरचं घ्या. खोक्यावरचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांचा असतो. खोली कोरडी होत गेली की पाणी कमी निघतं, म्हणून थोडं मोठं बरं. २५० वॉटचं यंत्र रोज दहा तास चाललं तर महिन्याला ७५ युनिट.

घेताना दोन गोष्टी दुकानातच बघा. एक, पाणी नळीने बाहेर सोडायची सोय. नुसती दोन लिटरची टाकी असेल तर ती काही तासांत भरते आणि यंत्र बंद पडतं. दोन, वीज येताच आपोआप सुरू होणं. पुष्कळ डिजिटल यंत्रं वीज गेल्यावर पुन्हा बटण दाबेपर्यंत गप्प बसतात, आणि तुम्ही असता ठाण्यात. यंत्र ५० ते ५५ टक्क्यांवर लावा. ४० च्या खाली नेऊ नका, लाकूड आणि जुनं चामडं तडकतं. शटरच्या तळाला रबरी पट्टी आणि वरच्या फटीला ब्रश लावल्याशिवाय यंत्र म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

आर्द्रता मोजायला स्वस्त हायग्रोमीटर चालतो, फक्त आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाण्याने ओलं करा, पातळ नको. झाकण आणि मीटर चेनच्या पिशवीत आठ तास बंद ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

काचा उघड्या ठेवायच्या की बंद, हे डीह्युमिडिफायर आहे की नाही यावरून ठरतं. यंत्र असेल तर काचा इंचभर खाली. नसेल तर पूर्ण बंद आणि आत सिलिका. कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या गाडीत ठेवू नका. त्यात जमलेलं खारं पाणी सांडलं तर गालिच्याखालचा पत्रा महिन्याभरात खातं.

पाचवा पर्यायही आहे, त्याला यंत्र लागत नाही. गाडी लोणावळ्यात किंवा महाबळेश्वरात असेल, किंवा कोकणात पूररेषेच्या आत, तर ती फ्लॅटबेडवर चढवून सोलापूर-फलटणकडच्या एखाद्या पाहुण्याच्या गॅरेजमध्ये पाठवा. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात शिरलेल्या पाण्यापुढे कव्हर काय आणि डीह्युमिडिफायर काय. शहरात बेसमेंट पार्किंगलाही हाच न्याय.

पेट्रोल: भरून की रिकामं?

हिवाळी सल्ला: टाकी काठोकाठ भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घाला. इथे भर आहे ती इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बसतो, नेमका जिथून पंप पेट्रोल घेतो तिथे. म्हणून टाकी रिकामी करावीशी वाटते, पण पद्मिनीची रिकामी पोलादी टाकी एका पावसाळ्यात आतून तांबूस होते. आमचं मत: टाकी भरूनच ठेवा, पण शक्य तेवढ्या कमी इथेनॉलच्या पेट्रोलने.

पंपावरचा शब्द न मानता तपासा. १०० मिलीच्या मापनपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. २७-२८ पर्यंत चढला तर वीस टक्के आहे. (हे उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नाही.) दुसरं पेट्रोल मिळालंच नाही तर स्टॅबिलायझर घालून दहा किलोमीटर चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. मग टाकीकडून येणारा पाइप बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. जुन्या रबरी पेट्रोल नळ्या इथेनॉलने मऊ पडतात. त्या इथेनॉल सहन करणाऱ्या एफकेएम रबराच्या करून घ्या.

आठवड्याला स्टार्ट मारायची का?

नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. जागेवर दहा मिनिटं चालवलेल्या इंजिनात ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहतं, उडून जाण्याइतकं काही तापतच नाही. एकतर वीस किलोमीटर चालवा, नाहीतर हात लावू नका. आत ठेवण्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगला चार महिने चाटत राहतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ मिली इंजिन ऑइल सोडा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, प्लग परत बसवा.

बॅटरीत निवड सोपी आहे. पद्मिनीची ऋण तार सोडवा, बॅटरी घरी न्या, डिस्टिल्ड वॉटर बघा, महिन्याला एकदा चार्ज करा, १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. नव्या गाडीत घड्याळ, अलार्म, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) मिळून ३० मिलिअँपिअर खातात असं धरा. ४५ एएचची बॅटरी महिन्यात अर्धी होते. तिला फ्लोट चार्जर (बॅटरी भरलेली ठेवणारा, सतत जोडून ठेवायचा चार्जर), पण सर्ज प्रोटेक्टरमार्फतच. विजांच्या मोसमात चार्जर जळणं नवं नाही.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाळ्यात ड्रमला शू चिकटतो आणि ऑक्टोबरमध्ये चाक हलत नाही. चाकांना लाकडी ठोकळे लावा. क्लच प्लेटही फ्लायव्हीलला चिकटते; पेडल दाबून सीटच्या चौकटीला टेकवलेल्या काठीने अडकवा. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, म्हणून ते आत ठेवण्यापूर्वी बदला.

टायरसाठी गाडी स्टँडवर चढवायची गरज चार महिन्यांना नाही. बाजूच्या भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत राहून आठ-दहा पीएसआय जास्त हवा भरा आणि पंधरा दिवसांनी चाक पावफेरा फिरवा.

उंदरांसाठी सायलेन्सरमध्ये स्टीलवूल कोंबायचा सल्ला इथे चुकतो. ते गंजून पाइपला डाग पाडतं. स्टेनलेसची जाळी वापरा. विष नको, उंदीर हीटरच्या नळीत जाऊन मरतो. सापळे लावा.

हे सगळं २० मेपूर्वी उरका. मुंबईत पाऊस सरासरी ११ जूनला येतो, पण २०२५ साली तो २६ मेलाच आला होता. शेवटी स्टीअरिंगला एक चिठ्ठी बांधा: सायलेन्सरमध्ये जाळी, क्लचवर काठी, टायरमध्ये जादा हवा, पेट्रोलचा पाइप बंद. ऑक्टोबरमध्ये चावी दुसऱ्याच कुणाच्या हातात असू शकते.