हिमाचलात ट्राउट पकडायला नेतो म्हणून आमचे ६१,२०० घेतले, दिवाळीनंतरचं पॅकेज कुणी विकत असेल तर आधी हे वाचा

आकडा आधीच सांगतो म्हणजे कुणी विचारायला नको. ६१,२०० रुपये, तिघांचे मिळून. यात जायचा-यायचा खर्च धरलेला नाही, तो इथं लिहिला तर घरी वाचला जाईल.

मी, माझा मेव्हणा आणि दुकानाशेजारचा मित्र, आम्ही रविवारी हिप्परग्याच्या तलावावर नाहीतर उजनीच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसणारी माणसं. चिलापी, रोहू, नशीब असलं तर मरळ. फ्लाय फिशिंग फक्त मोबाईलवर बघितलेलं, ते गुडघाभर बर्फाच्या पाण्यात उभं राहून दोरी हवेत फिरवतात ते. अशात इन्स्टावर जाहिरात आली, 'तीर्थन व्हॅलीत गाइडसोबत ट्राउट आणि बास फिशिंग, दिवाळी स्पेशल'. फोन लावला तर पलीकडचा माणूस चक्क मराठीत. मूळचा पंढरपूरचा म्हणे, प्रत्येक वाक्याला माऊली. आता पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, दिल्लीवाला असता तर मी पहिल्याच कॉलला ठेवला असता फोन.

पॅकेज माणशी १८,५०० चं होतं. मी जरा कां-कूं केल्यावर म्हणला, माऊली, तुम्ही ऑफ सीझनला यायलाय म्हणून १३,९०० लावतो. आम्ही खूश. आणि हीच ती जागा, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. ऑफ सीझन म्हणजे आपल्या डोक्यात काय, तर पावसाळ्यात महाबळेश्वरचं हॉटेल स्वस्त मिळतं ते, गर्दी नाही म्हणून. ट्राउटचं तसं नसतंय. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर ट्राउटच्या नद्या मासेमारीला कायद्यानं बंद असतात, कारण थंडीत हा मासा तळाच्या बारीक दगडगोट्यांत अंडी घालतो. म्हणजे त्या माणसानं आम्हाला बंद नदी विकली, वर बंद असल्याचा डिस्काउंट पण दिला! त्यानं तोंडानं खरं सांगितलं होतं, आम्ही 'थँक्यू माऊली' म्हणलो.

दुसरी गोष्ट फोटोची. जाहिरातीत एक हिरवट, अंगावर काळपट उभे पट्टे असलेला मासा होता. मेव्हणा तेव्हाच म्हणला होता, दाजी ह्यो मासा वेगळाच दिसतोय, ट्राउटला ठिपके असतेत ना. विचारलं तर म्हणे तो पहाडी बास. पहाडी बास! तो निघाला स्मॉलमाउथ बास, अमेरिकेतला मासा, तीर्थनमध्ये त्याचा पत्ताच नाही. तिथं ब्राऊन ट्राउट आणि रेनबो ट्राउट, तेही इंग्रजांच्या काळात बाहेरनं आणून सोडलेले. पण सोलापुरात बसून हे कुणाला माहीत असणार सांगा. मला नावं ठेवणाऱ्यांपैकी एकाला तरी बास आणि ट्राउटमधला फरक सांगता येतोय का बघा.

पैसे असे गेले. बुकिंगला निम्मे, २०,८५०. मग तिघांच्या लायसन्सचे ४,५००, त्याची अशोकस्तंभ छापलेली पीडीएफ पण आली, नावं बरोबर, शिक्का बरोबर. मग इम्पोर्टेड रॉड आणि वेडर, म्हणजे ती छातीपर्यंतची रबरी पँट, याचं रिफंडेबल डिपॉझिट १५,०००. निघायच्या आधी उरलेले २०,८५०, का तर पूर्ण पेमेंटवर पिकअप फ्री. यूपीआयला नाव बाईचं यायचं, त्या आमच्या अकाउंटंट मॅडम म्हणे. (यूपीआयवर दिसणारं नाव आणि कंपनीचं नाव जुळत नसेल तर तिथंच थांबा. आणि वस्तू हातात यायच्या आधी डिपॉझिट कसलं रे?)

भाऊबीज झाली आणि कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथनं रात्रीची मनालीची व्हॉल्वो, पहाटे औटच्या बोगद्याच्या अलीकडं उतरलो. हाडं गोठवणारी थंडी आणि पिकअपचा पत्ता नाही. फोन स्विच ऑफ. उजाडल्यावर टॅक्सीला १,८०० देऊन बंजारवरनं गुशैणीला पोचलो, पॅकेजमध्ये लिहिलेल्या होमस्टेवाल्यानं आमचं नावच ऐकलं नव्हतं. माणूस भला, त्यानं चहा दिला आणि मत्स्य विभागाच्या एका कर्मचाऱ्याकडं नेलं. त्यानं पीडीएफ मोबाईलवर मोठी करून बघितली आणि शांतपणे म्हणला, "साहब, नदी तो एक तारीख से बंद है, लाइसेंस किसने दे दिया?" मी बॅगेतली शेंगाचटणी काढून त्याच्या हातावर ठेवली, दुसरं काय करणार होतो.

खरा गाइड तिथंच भेटला. काठी पाण्यात घालायची नाही म्हणून त्यानं घरामागच्या गवतावर फेक शिकवली, पैसे घेतले नाहीत. त्याच्या डबीत फ्लाय होत्या, म्हणजे किड्यासारखं दिसणारं खोटं आमिष, हूकवर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेल्या, काही तर मुगाच्या दाण्याएवढ्या. आपण गळाला शिसं लावून भिरकावतो, इथं फ्लायला वजनच नसतं, वजन सगळं दोरीला असतं आणि दोरीच फ्लायला घेऊन जाते. मेव्हण्यानं पहिल्याच फेकीत माझी टोपी उडवली. अशी माणसं तिथं आहेत, त्यांचे नंबर होमस्टेवाले देतात, मधला दलाल लागतोच कशाला.

आता पोलिसांचं ऐका. तिथं चौकीत गेलो तर पैसे सोलापुरातनं गेलेत, तिकडं द्या तक्रार. सोलापुरात आलो तर गुन्हा हिमाचलात घडलाय, तिकडं द्यायची होती. वकील मित्रानं सांगितलं की १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडू दे, कुठल्याही ठाण्यात माहिती घ्यावीच लागते. ते कलम कागदावर लिहून नेलं तर साहेब म्हणले, तुम्ही वकील आहात का? एक हवालदार तर सगळ्यांसमोर म्हणला, "मासे धरायला हिमाचल? उजनी काय आटली काय?" सगळं ठाणं हसलं. मग सायबरला पाठवलं, तिथं साहेब बंदोबस्तात. परत गेलो तर अर्ज टाईप करून आणा, आणला तर बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलाय, आमच्याकडनं काही होणार नाही, आणि शिक्क्याला मॅनेजर सोमवारी. लाखाच्या आत रक्कम असली की तुम्ही फिर्यादी नाही, टाईमपास करायला आलेला माणूस. चोराला पकडायचं सोडा, अर्जाची पोच द्यायला यांचा हात का दुखतो हे एकदा कुणीतरी सांगा मला.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच काही हाती लागतं, आमचे हप्ते जुने झालेले. चॅट डिलीट करू नका, प्रत्येक पेमेंटचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर, लिहून ठेवा. लायसन्स स्वतः मत्स्य विभागाकडनंच काढा. होमस्टेचा नंबर जाहिरातीतला नाही, स्वतः शोधून लावा. आणि ट्राउटला जायचंय तर मार्च ते जून नाहीतर पाऊस सरल्यावर ऑक्टोबर अखेरपर्यंत, पावसाळ्यात पाणी गढूळ असतंय.

काल मित्राच्या पोरानं दाखवलं, तीच जाहिरात नवीन नावानं चालू आहे, 'ख्रिसमस ट्राउट स्पेशल', तोच हिरवा मासा. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आपल्या भागातल्या आणखी कुणाचे गेले असतील तर यूटीआर घेऊन या, एकत्र अर्ज देऊ, एकट्याला कुणी खुर्चीसुद्धा देत नाही.