सात महिने आणि दोन मॅट: झिपरीचं क्लासमध्ये लक्ष लागेपर्यंत

झिपरी, माझं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती आणि तेराव्या आठवड्यात मी तिला कुत्र्यांच्या ट्रेनिंगच्या ग्रुप क्लासला घातलं. घरी 'बस' म्हटलं की दहापैकी दहा वेळा बसणारं पिल्लू. क्लासच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी मी उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्या नाकाला टेकवून धरला, तर तिनं तो हुंगलासुद्धा नाही. तुकडा तिच्या मिशांवरून घसरून खाली पडला, त्यावर तिचाच पाय पडला, आणि ती समोरच्या करड्या पिल्लाकडे मान ताणून कुंईकुंई करत राहिली. पन्नास मिनिटांत तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. घरी येऊन मी तो व्हिडिओ बघितला. त्यात मी तिचं नाव ४१ वेळा घेतलं होतं.

आता ती दहा महिन्यांची आहे. या काळात मी दोन मॅट, एक क्लिकर (दाबला की 'टिक' वाजणारी छोटी डबी; 'टिक' म्हणजे बरोबर केलंस, आता खाऊ मिळणार), ट्रीटचे म्हणजे खाऊचे दोन पाउच, छातीपाशी कडी असलेला हार्नेस (अंगावरचा पट्टा) आणि तीन मीटरची लीश, म्हणजे धरायची दोरी, एवढं सगळं वापरलं. कशाचा किती उपयोग झाला ते सांगते. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: सगळ्यात जास्त उपयोग झाला तो इतर कुत्र्यांपासून ठेवलेल्या अंतराचा. मॅट दुसऱ्या नंबरवर. बाकीचं सगळं त्यानंतर.

पहिले तीन क्लास वाया गेले. चौथ्याला ट्रेनरच्या मदतनीस मुलीनं आम्हाला हॉलच्या दाराबाहेर उभं केलं. मला वाईट वाटलं, शिक्षा झाल्यासारखं. ती म्हणाली, "ताई, तिला बघू द्या. फक्त इतक्या लांबून बघू द्या की तिला तुम्हीपण आठवाल." मग आम्ही पावलं मोजत मागे सरकलो. चौदाव्या पावलावर झिपरीनं पहिल्यांदा चिकन खाल्लं.

हे अंतर ओळखायची खूण मला बोटांनी शिकवली. झिपरी निवांत असते तेव्हा ट्रीट ओठांनी उचलते, तळहाताला फक्त ओलसर नाक लागतं. अंतर कमी पडायला लागलं की ती दातांनी ओढते, बोटं चावली जातात. आणखी जवळ गेलं की खातच नाही. त्याआधी तोंड मिटतं, कान पुढे येतात, शेपटी ताठ होऊन थांबते. बोटाला दात लागला की मी दोन पावलं मागे जाते, तिच्याशी काही न बोलता. अजूनही.

पिल्लू क्लासमध्ये ऐकत नाही म्हणजे हट्टी आहे, असा माझा समज होता. खरं म्हणजे स्वयंपाकघरात शिकलेलं 'बस' तिच्या लेखी स्वयंपाकघरातलंच असतं. नवी जमीन, नवे वास, पाच अनोळखी पिल्लं, की ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. कुत्र्यांना एका जागची गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप लागू करता येत नाही, आणि ट्रेनिंगमधली ही सगळ्यात मूलभूत गोष्ट मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. मग आम्ही 'बस' घराच्या प्रत्येक खोलीत केलं, जिन्यात केलं, बंद गेटच्या आतून रस्ता बघत केलं, आणि शेवटी क्लासच्या दाराबाहेर.

दाराबाहेर आम्ही जो खेळ खेळलो त्यानंच खरा फरक पडला. तिनं दुसऱ्या पिल्लाकडे बघितलं की त्याच क्षणी क्लिक, आणि ट्रीट माझ्या गुडघ्यापाशी. म्हणजे बघण्याचेच पैसे मिळतात, पण ते घ्यायला माझ्याकडे यावं लागतं. हे मला आधी उलटं वाटलं, जे थांबवायचं आहे त्याचंच बक्षीस का द्यायचं? पण आठ-दहा दिवसांनी ती करड्या पिल्लाकडे बघायची आणि क्लिक व्हायच्या आतच मान वळवायची. आधी डावा कान माझ्याकडे फिरायचा, मग डोळे, मग सगळं डोकं. तो डावा कान पहिल्यांदा फिरला तेव्हा मला रडू आलं. समोरचं पिल्लू दिसणं हीच तिच्यासाठी माझ्याकडे बघायची खूण झाली होती. ४१ वेळा नाव घेऊन जे झालं नव्हतं, ते एकदाही नाव न घेता झालं. तेव्हापासून मी तिचं नाव क्लासमध्ये जपून वापरते. घेतलं आणि तिनं बघितलं तर दरवेळी काहीतरी चांगलं मिळतंच.

आता मॅट. पहिली मी जाड आणि मऊ घेतली, आणि ती चूक होती. फरशीवर ती सरकायची. एकदा झिपरी धावत येऊन तिच्यावर चढली, मॅट घसरली, आणि पुढचे चार दिवस तिनं त्यावर पाय ठेवला नाही. पाचव्या महिन्यात दात बदलायला लागले (दुधाचे २८ पडून ४२ येतात, तेव्हा जे मिळेल ते चावलं जातं) आणि त्या मॅटचा एक कोपरा संपला. दुसरी पातळ आहे, खाली रबर, साधारण ६० बाय ९० सेंटीमीटर, गुंडाळून काखेत मारता येते. झिपरी आता पूर्ण आडवी झाली तर मागचे पाय बाहेर येतात, पण कामापुरती पुरते. मशीनमध्ये धुऊन धुऊन कोपरे वर वळलेत आणि रबर एका बाजूनं सुटायला लागलंय. तरी मी पुन्हा हीच घेईन, कारण ती कुठल्याही फरशीवर हलत नाही.

मॅट क्लासमध्ये न्यायच्या आधी घरी दहा दिवस घालवले. एक पाय ठेवला की ट्रीट, चारही ठेवले की ट्रीट, बसली की दोन. इथे एक बारीक गोष्ट आहे: ट्रीट हातातून न देता तिच्या दोन पंजांच्या मध्ये मॅटवर ठेवायची. हातातून दिली की पिल्लू हाताकडे उड्या मारतं. मॅटवर ठेवली की मान खाली जाते, नाक कापडात जातं, श्वास संथ होतो. आणि काम झालं की मॅट लगेच गुंडाळून ठेवायची. दिवसभर अंथरलेली असली तर ती झोपायची जागा होऊन बसते, मग तिला तो खास अर्थ उरत नाही. आमच्याकडे मॅट उलगडल्याचा आवाज आला की झिपरी दुसऱ्या खोलीतून येते.

क्लासमध्ये या मॅटनं तिला एक घर दिलं. सगळं हॉल नवं, पण पायाखालचा हा तुकडा ओळखीचा, स्वतःच्या वासाचा. दाराबाहेरच्या चौदा पावलांवरून सहा आठवड्यांत आम्ही दाराच्या आत, भिंतीच्या कडेला आलो. मध्ये एक घडीचा आडोसा लावायचो. चार मिनिटं काम, मग आडोशामागे मॅटवर काहीतरी चघळत विश्रांती. पन्नास मिनिटं सलग लक्ष द्यायची अपेक्षा या वयात करूच नये. ट्रेनर इतरांना शिकवत असताना नुसतं पडून राहणं हेसुद्धा काम आहे आणि मी त्याचेही 'पैसे' देत होते.

क्लिकर पहिले दोन महिने फार चांगला. नेमका क्षण पकडता येतो, जे माझ्या 'शाब्बास'ला कधी जमलं नसतं. १९४० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी प्राण्यांना शिकवताना असा टिकटिक आवाज वापरला, तेव्हापासूनची ही जुनी युक्ती आहे. पण सहा जणांच्या क्लासमध्ये सगळ्यांकडे क्लिकर असला की सुरुवातीला पिल्लाचा गोंधळ होतो. शेजारच्यांनी क्लिक केलं की झिपरी माझ्याकडे बघायची आणि तिला काहीच मिळायचं नाही. दोनदा असं झाल्यावर मी छोटा, एकाच सुरातला 'हां' ठरवला. घरी क्लिकर, क्लासमध्ये 'हां'.

पाउचबद्दल थोडक्यात: चेनचा घेऊ नका, लोहचुंबकानं मिटणारा घ्या. चेन उघडेपर्यंत क्षण निघून जातो. हार्नेस ठीक, त्यानं ओढणं कमी झालं, लक्ष वाढलं असं म्हणणार नाही. तीन मीटरची लीश मात्र हवीच, आखूड लीशवर पिल्लू कायम ताणलेलं राहतं.

याच दरम्यान आम्ही दुसऱ्या एका क्लासचा एक तास करून बघितला. तिथे दुसऱ्या कुत्र्याकडे बघितलं की लीशला झटका द्या असं सांगितलं. मी दोनदा दिला. तिसऱ्या वेळी कुत्रं दिसताच तिनं आधीच मान आत घेतली आणि गुरगुरली. त्याआधी ती कुणावर गुरगुरली नव्हती. कुत्रं दिसलं की मान दुखते, एवढंच ती दोन झटक्यांत शिकली होती. आम्ही परत गेलो नाही. 'अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेविअर' या पशुवैद्यांच्या संस्थेनं २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की कुत्र्यांना शिकवायला बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात. ते दोन झटके पुसायला मला तीन आठवडे लागले, पुन्हा दाराबाहेरून.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली, ती झोपेची. लहान पिल्लं दिवसातले अठरा ते वीस तास झोपतात. क्लासच्या दिवशी मी उत्साहानं तिला आधी लांब फिरवून 'दमवत' होते, आणि ती दमल्यामुळेच आणखी सैरभैर होत होती. ते बंद केलं. आता क्लासच्या आधी दोन तास अंधाऱ्या खोलीत झोप, मग दहा मिनिटं लवकर पोचून हॉलच्या आसपास मनसोक्त हुंगणं. जागा नाकानं वाचून झाली की तिला ती पुन्हापुन्हा तपासावी लागत नाही.

आणि इतर पिल्लांना भेटायची तिची ओढ मी दाबली नाही, वापरली. मॅटवर माझ्याकडे तीन सेकंद बघितलं की लीश सोडून 'जा', खेळ. मग बोलावलं की आली तर चिकन, आणि पुन्हा 'जा'. परत आलं म्हणजे खेळ संपला असं होत नाही, हे कळल्यावर ती आनंदानं यायला लागली. लीशवर समोरासमोर मात्र कधीच भेटवलं नाही.

आठव्या महिन्यात सगळं कोसळलं. 'बस' म्हटलं तर जणू ऐकूच आलं नाही. ट्रेनरनं हाक मारली तर बसायची, माझ्यासाठी नाही. मी फार खचले होते. मग वाचलं की २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाइड डॉग (अंधांना वाट दाखवणारे कुत्रे) होणाऱ्या पिल्लांवर नेमकं हेच तपासलं होतं: पाच महिन्यांच्या तुलनेत आठव्या महिन्यात ती आपल्या माणसाचं कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं ऐकणं मात्र कमी झालं नव्हतं. वय आहे, जाईल. आम्ही न भांडता परत दहा पावलं मागे गेलो, ट्रीट वाढवल्या, क्लासमधला वेळ निम्मा केला. नवव्या महिन्याच्या शेवटी परत आत आलो.

आज आम्ही इतर कुत्र्यांपासून पाच पावलांवर काम करतो. चूंचूं वाजणारं खेळणं अजून जमत नाही, ते वाजलं की डावा कान माझा राहत नाही. पुढच्या महिन्यापासून क्लास नव्या हॉलमध्ये आहे. रबर सुटलेला कोपरा मी काल दोऱ्यानं शिवून घेतला. पहिल्या दिवशी मॅट आत न नेता बाहेरच, चौदाव्या पावलावर अंथरायची ठरवली आहे.